मराठीला शब्द नाही, म्हणे!

लग्न न करता ज्याच्याबरोबर राहतो, किंवा राहत नाही पण ज्याचे आहोत, त्या माणसाला मराठीत काय म्हणायचं? हा प्रश्न परिसंवादांत आणि रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून डोकं वर काढतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: शब्दच नाही. पाठोपाठ कारणमीमांसा येते. आपल्या समाजाला नवरा आणि बायको एवढंच ठाऊक. लग्नाबाहेरच्या नात्याला त्याने कधी जागाच दिली नाही. बायकांना तर नवऱ्याचं नाव उच्चारायचीही मुभा नव्हती. असल्या भाषेत ‘पार्टनर’ला शब्द कुठून सापडणार? मग एखादा उत्साही गृहस्थ ‘सहचर’ सुचवतो, दुसरा ‘सहजीवी’ म्हणतो, तिसऱ्याला त्यात बुरशी-शेवाळाचा वास येतो, आणि सभा चहाला उठते.

हा झाला पूर्वपक्ष. त्याची थट्टा करणं सोपं आहे, पण त्यात सत्याचा अंश आहे आणि तो मी पुढे मान्य करणार आहे. माझा आक्षेप त्याच्या गृहीतकाला आहे. जोडीदाराला काय म्हणायचं हे ती दोन माणसं ठरवतात आणि त्यासाठी ‘माझा अमुक’, ‘माझी अमुक’ असं एक नाम कोशात असावं लागतं, असं हा पक्ष धरून चालतो. आपल्याकडे हे काम असं कधीच चाललेलं नाही.

ते कसं चालतं हे पाहायला पुणं-मुंबई कामाची नाही. जोयडा तालुका बरा. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा जंगलातला तालुका एकीकडे गोव्याला आणि दुसरीकडे बेळगावच्या खानापूरला टेकलेला आहे. पूर्वी तो सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवर गणेशगुडीला धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याने जोयड्याचं नाव लावलं. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबईच्या कारभारात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. कुणब्यांच्या घरात कोकणी, गवळी-धनगरांच्या वाड्यांवर मराठी, कचेरीत कन्नड, आणि रामनगरच्या बाजारात तिन्ही.

या तिन्ही भाषांत नवऱ्याला-बायकोला सरळ शब्द आहेत. कोकणीत घोव आणि बायल, कन्नडमध्ये गंड आणि हेंडती, मराठीत नवरा आणि बायको. पण चारचौघांत बोलताना हे शब्द मागे पडतात. कोकणी बाई ‘घरकार’ म्हणते आणि पुरुष ‘घरकान्न’. कन्नड बाई ‘नम्म मनेयवरु’ म्हणते, म्हणजे आमच्या घरचे. मराठीत घरधनी, घरचे, घरवाली आहेतच. भाषा तीन, भाषाकुळं दोन, आणि पत्ता एकच. माणसाची ओळख त्याच्या घरावरून.

आता या शब्दांत लग्न कुठे आहे? ‘नवरा’मध्ये आहे हे कबूल, कारण ‘नववर’ त्यात दडलेला आहे आणि नवरी तर लग्नाच्या दिवसापुरतीच नवरी असते. पण ‘बायको’त नाही. बायका म्हणजे स्त्रिया, एवढंच. ‘बायल’ही स्त्री आणि पत्नी दोन्ही. ‘घोव’ हा जुन्या मराठीतल्या ‘गोहो’चा भाऊबंद, आणि गोहो म्हणजे आधी पुरुष, मग पती. घरकार, मनेयवरु, घरधनी यांत तर मंगलाष्टकांचा मागमूसही नाही, फक्त छप्पर आहे. इंग्रजीतला ‘हसबंड’सुद्धा जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘हूसबोंदी’वरून आला, म्हणजे घर राखून शेती करणारा. या व्युत्पत्तीवर जोयड्याचा कुणबी हसेल, कारण त्याच्या जातीच्या नावाचा उगमही बहुतेक अभ्यासक ‘कुटुंबिन्’मध्ये, म्हणजे घर-शेती सांभाळणाऱ्या गृहस्थातच शोधतात. आणि त्याच ‘कुटुंब’ शब्दाने घाटावरच्या पांढरपेशा पुरुषांनी पिढ्यानपिढ्या बायकोचा उल्लेख केला. तेव्हा मराठीला लग्नावाचून जोडप्याची कल्पनाच करता येत नाही, हे म्हणणं कोश न उघडता केलेलं आहे.

नावाचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा दास्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. दास्य होतं, याबद्दल वाद नाही. पण पुरावा तपासून घ्यावा. एक प्रसिद्ध संस्कृत श्लोक कुणाकुणाचं नाव घेऊ नये ते सांगतो: स्वतःचं, गुरूचं, कंजूष माणसाचं, थोरल्या अपत्याचं आणि पत्नीचं. म्हणजे बंदी पुरुषावरही आहे, आणि बायको तिथे गुरू आणि कवडीचुंबक यांच्या पंक्तीला बसली आहे. मराठी पुरुषाने ही बंदी इमाने पाळली. एका बाईविषयी बोलायचं तर तो अख्ख्या घराविषयी बोलला: आमचं कुटुंब, आमची मंडळी, आमचं बिऱ्हाड, आमचं खटलं, आणि त्याआधी फारसी-अरबीच्या अमदानीत कबिला. सगळी समूहवाचक नामं, त्यातली बरीचशी नपुंसकलिंगी. घरात हाक मारायची तर ‘अगं’, तिकडून ‘अहो’. कन्नडमध्ये त्याला जोड ‘री’. रिकामी हाक, नाव नाही.

शिवाय नाव न घेणं म्हणजे नेहमी आदर किंवा भीती असंही नाही. हिरोडोटसने मिलेटसच्या स्त्रियांची हकीकत दिली आहे. आयोनियन ग्रीकांनी तिथल्या कॅरियन पुरुषांना मारलं आणि त्यांच्या मुलींशी घरोबा केला. त्या बायकांनी शपथ घेतली आणि आपल्या लेकींनाही ती घालून दिली: नवऱ्याबरोबर जेवायला बसायचं नाही आणि त्याला नावाने हाक मारायची नाही. तिथे नाव गिळणं हा सूड होता. एकाच रिवाजात मान, धाक, लाज, लाड आणि राग यांपैकी काहीही असू शकतं. त्यामुळे बाहेरून पाहून निवाडा देणाऱ्याने जरा दमाने घ्यावं.

आणि ही बंदी किती लवचीक होती हे पाहायचं तर मराठी स्त्रियांची आत्मचरित्रं काढा. रमाबाई रानडे १९१० साली आपल्या आठवणी लिहितात आणि न्यायमूर्ती नवऱ्याचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. सर्वनामाचा इतका अजब आणि इतका अचूक उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ येऊ लागतं आणि लक्ष्मीबाई नवऱ्याला बिनधास्त ‘टिळक’ म्हणतात, जणू शेजारच्या कुणा विक्षिप्त गृहस्थाविषयी सांगताहेत. त्यांच्याच काळात पुण्यात इरावती कर्वे नवऱ्याला ‘दिनू’ म्हणत होत्या. १९९० साली सुनीताबाई देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये नवरा ‘भाई’ म्हणून येतो. चार बायका, चार तऱ्हा, आणि एकीनेही त्यासाठी शब्दकोशाकडे तोंड वेंगाडलं नाही. उखाणा तर उघडच पळवाट आहे. उत्तर कर्नाटकात त्याला ‘ओडपु’ म्हणतात आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना लग्नात तो सारखाच रंगतो. नाव घ्यायला मनाई करायची आणि मग भर मांडवात तेच नाव घ्यायला लावायचं! पण पाहा, तिथेही ते नाव कुणाला ऐकवलेलं असतं? नवऱ्याला नव्हे, जमलेल्या बायकांना.

माझा सिद्धान्त इथून निघतो. जोडप्याने एकमेकांसाठी शब्दाची जागा बहुधा कोरीच ठेवली: अहो, अगं, हे, ही, स्वतः. ती जागा भरायचं काम इतरांचं होतं. गाव भरे, जात भरे, सरकारची वही भरे. एकोणिसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञ टायलरने ‘टेक्नोनिमी’ म्हणून जी चाल नोंदवली, म्हणजे माणसाला अमक्याचा बाप, तमकीची आई म्हणून ओळखणं, ती याच जातीची आहे.

लग्नाबाहेरच्या नात्यांचं काय, असं पूर्वपक्ष विचारील. त्यांना तर भरपूर शब्द होते. विधवेने किंवा काडीमोड झालेल्या बाईने दुसरं घर केलं तर त्याला ‘लग्न’ म्हणत नसत. तो पाट, किंवा म्होतूर, कुठे गंधर्व. कन्नड मुलखात उडिके किंवा सीरुडिके, लुगडं नेसवण्यावरून. एल्फिन्स्टनच्या काळात दख्खनच्या जातींच्या चालीरीती जमवून आर्थर स्टीलने १८२७ साली ग्रंथ छापला, त्यात पाटाचे आणि सोडचिठ्ठीचे जातवार नियम आहेत. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा पुण्याच्या ब्राह्मणांना क्रांतिकारक वाटला. पाट लावणाऱ्यांना त्यात नवल वाटण्यासारखं फारसं काही नव्हतं. मुद्द्याची गोष्ट अशी की मराठी राज्यात लग्नावर लग्नटका होता तसा पाटावर ‘पाटदाम’ होता. दिवाणाने त्यावर कर बसवला. ज्या नात्यावर कर बसतो त्याला शब्द मिळाल्याशिवाय राहत नाही.

इथे पूर्वपक्षाचं खरं बळ आहे ते मान्य करतो. हे शब्द होते, पण समान नव्हते. राख, ठेवलेली, अंगवस्त्र, नाटकशाळा: सगळे बाईला चिकटणारे आणि सगळे तिला वस्तू करणारे. तिच्या समोरच्या पुरुषाला काय म्हणत? अनमोडचा घाट उतरून गोव्यात गेलं की उत्तर मिळतं. कलावंतिणींच्या घरात आश्रय देणाऱ्या पुरुषाला ‘यजमान’ म्हणत. यज्ञ करणारा तो यजमान, आणि वेदांत त्याला शेजारी पत्नी लागते. गोव्यात त्या शब्दाने अशा पुरुषाची प्रतिष्ठा राखली, ज्याच्या शेजारी बसलेल्या बाईला पत्नीचा हक्क नव्हता आणि तिच्या मुलांना बापाचं आडनाव नव्हतं. त्या समाजातल्या राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असं नाव दिलं ते उगाच नव्हे. आणि घाटाच्या वरच्या अंगाला, कन्नड घरांत, तोच शब्द लग्नाच्या नवऱ्याला लागतो: ‘नम्म यजमानरु’. शब्द तोच आणि आदरही तोच. बाईची पत घाट चढताना बदलते.

म्हणजे उणीव शब्दाची नाही, पतीची आहे. (हा श्लेष मराठीने मला फुकट दिला, मी तो घेतला.) बाईला समाजात जी पत आहे तीच तिच्या नावाला येते. पत द्यायची नाही आणि गोंडस शब्द मात्र शोधायचा, तर तो शब्दही लवकरच बाटतो.

न्यायालयांची फजिती याच कारणाने झाली. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, पहिलं लग्न कायम असलेल्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला पोटगी नाकारताना, तिला ‘अवैध पत्नी’ आणि ‘एकनिष्ठ रखेली’ या अर्थाचे इंग्रजी शब्द वापरले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातल्या ‘विवाहसदृश नात्या’चा अर्थ लावताना ‘कीप’ हा शब्द वापरला आणि त्यावर तेव्हाच्या अतिरिक्त महान्यायअभिकर्त्या इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच आक्षेप घेतला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायकांविषयीच्या साचेबंद भाषेवर एक पुस्तिका काढली. ‘कीप’ऐवजी तिने सुचवला तो शब्द नव्हे, लांबलचक वाक्यांश आहे: जिच्याशी एखाद्या पुरुषाचे विवाहबाह्य प्रेमसंबंध किंवा शरीरसंबंध होते अशी स्त्री. हेतू उत्तम आहे. पण एका शब्दाच्या जागी एवढी वरात काढावी लागते तेव्हा अडचण कोशात नसते. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या त्या जुन्या शब्दांवर कडक ताशेरे ओढले आणि त्याच निकालात, लग्न कायद्याने शून्य ठरलं तरी कायमची पोटगी मागता येते, असं सांगितलं. माझ्या मते कामाचं वाक्य हे दुसरं. २०१० च्या निकालातली पहिली अटही ध्यानात घ्यावी: जोडपं समाजात पतिपत्नीसारखं वावरत असलं पाहिजे. म्हणजे कायदाही शेवटी शेजाऱ्यालाच विचारतो.

याचा उलटा दाखला स्वीडनचा: तिथे लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्याला ‘सांबो’ म्हणतात. ‘एकत्र राहणारा’ या लांब शब्दाचा तो मोडका तुकडा आहे. तरी तो टिकला, कारण १९८७ साली सांबोच्या सामाईक घराचा कायदा झाला आणि घर कुणाला मिळणार हे त्या शब्दावर ठरतं. आपल्याकडचे सहचर, सहजीवी, जोडीदार यांच्यामागे असं काही नाही. ‘जोडीदार’ चांगला शब्द आहे, पण वधूवर सूचक मंडळांनी तो कधीच लग्नाला जुंपला. आणि ‘पार्टनर’ म्हटलं की वपुंच्या त्याच नावाच्या कादंबरीवर वाढलेल्या मराठी वाचकाला अजून मित्रच आठवतो.

पुन्हा जोयड्याला येऊ, कारण हा वाद तिथे शैलीचा राहत नाही. तालुक्यात जंगल फार, त्यामुळे जमिनीचा हक्क म्हणजे बहुतेकांना २००६ चा वनहक्क कायदा. कुणबी आणि गवळी यांची अनुसूचित जमातीत घ्या ही मागणी जुनी आहे, पण ती मान्य झालेली नाही. तेव्हा त्यांनी ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करायचा. हक्क मिळाला तर पट्टा विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे. घरात एकटा कर्ता किंवा कर्ती असेल तर एकाच्या नावे. चांगली तरतूद आहे, बाईचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर यायला इथे शतक लागलं असतं. पण विवाहित आणि एकटा यांच्या मधल्या माणसाला त्यात रकाना नाही. पाटदाम घेणाऱ्या दिवाणाला तो मधला माणूस ठाऊक होता.

रेशनकार्डाची गंमत वेगळी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने गृहलक्ष्मी योजना सुरू केली आणि महिना दोन हजार रुपये त्या कुटुंबप्रमुख बाईला देऊ केले. कन्नडमध्ये या बाईला काय म्हणतात? ‘यजमानी’. ज्या शब्दाने कन्नड बाई नवऱ्याचं नाव टाळत आली, ज्याने गोव्यात आश्रयदात्याची अब्रू झाकली, तो आता तिच्याच बँकखात्याला लागला. कार्डावर नवऱ्याची ओळखही तिच्यावरून: नाते, पती. भाषाशुद्धीच्या कुठल्याच मंडळाने हे केलं नाही. धान्य आणि पैसे यांच्या वहीने केलं.

त्याच वहीने आणखी एक गोष्ट केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यानंतर वर्षभराच्या आत केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एकाच घरातलं मानावं. लग्न नाही, वारसाहक्क नाही, पण घर एक. घरकार आणि घरकान्न या शब्दांमागचा विचार दिल्लीला धान्याच्या निमित्ताने सुचला, हेही नसे थोडके. उलट उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून एकत्र राहणाऱ्यांची नोंदणी सक्तीची झाली. त्या वहीत शब्द आहे, पण न नोंदवल्यास शिक्षाही आहे. वही पत देते तशी पहाराही ठेवते. सांबो आणि उत्तराखंडातला नोंदणीदार यांची गल्लत मी करणार नाही.

सरकारची वही बाजूला ठेवली तरी भरणारे हात पुष्कळ आहेत. मराठी कॉलेजांत पोरं मित्राच्या मैत्रिणीला ‘वहिनी’ म्हणतात. आधी चिडवायला, मग सवयीने, आणि नातं टिकलं तर मनापासून. मित्र स्वतः तिला नावाने हाक मारतो. तो तिला ‘माझी सहचरी’ म्हणणार नाही, म्हणालाच तर पोरं त्याला हॉस्टेलात राहू देणार नाहीत. तरीही सगळ्यांना सगळं कळतं, कारण शब्द त्याच्या तोंडी नसून त्याच्या भोवताली आहे. वहिनी, भावोजी, काकू, सूनबाई. घरात कुणी आलं की आपल्याकडे नाम बदलत नाही, भोवतालची सगळी संबोधनं एका रात्रीत हलतात. ज्या जोडप्याला ‘शब्द नाही’ म्हणून हुरहुर वाटते त्यांची खरी तक्रार बहुधा अशी असते की धाकटा भाऊ अजून तिला वहिनी म्हणत नाही. ती तक्रार रास्त आहे, पण ती मराठीकडे नेऊन उपयोग नाही.

दोन स्त्रियांचं किंवा दोन पुरुषांचं घर असेल तिथे मात्र मी पूर्वपक्षाला अर्धी वाट सोडतो. आपली नातेनामं लिंगावर बेतलेली आहेत. बहिणीचा जोडीदार तो भावोजी, भावाची ती वहिनी. बहिणीबरोबर राहणाऱ्या बाईला धाकट्या भावाने काय म्हणावं? माझं उत्तर: वहिनीच म्हणावं. मराठी व्याकरण त्याला कुठेच हरकत घेत नाही. हरकत घेतो तो मामा.